काठावर चढणारं आणि काठाशी थांबणारं

पर्लकोटा नदीला पूर येऊन गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता तुटला, की पानठेल्यावर कुणीतरी लष्करी हॉवरक्राफ्टचा व्हिडिओ दाखवतोच. "हे काहून नाही आणत आपल्याकडे?" प्रश्न रास्त आहे. फक्त पाण्यावरून सुसाट जाणारं ते यान हॉवरक्राफ्टच असेल असं नाही. ते सरफेस इफेक्ट शिपही असू शकतं.

दोन्ही हवेच्या गादीवर चालतात. हवा कोंडायची तऱ्हा मात्र वेगळी. हॉवरक्राफ्टला चारही बाजूंनी रबरी कापडाची झालर असते. दुसऱ्याला झालर फक्त पुढं-मागं. डाव्या-उजव्या बाजूला टणक भिंती, त्याही खाली पाण्यात बुडालेल्या.

१९७०च्या दशकात अमेरिकी नौदलानं दोन्ही प्रकार आजमावले. बेल कंपनीनं दोन्ही बांधले: एसईएस-१००बी हे सरफेस इफेक्ट शिप आणि जेफ-बी हे हॉवरक्राफ्ट. बुडालेल्या भिंतींमुळे एसईएस-१००बीची हवा बाजूनं निसटत नव्हती आणि दिशाही पक्की राहायची. १९७६ साली धावता धावता त्यावरून क्षेपणास्त्र सोडलं गेलं. २५ जानेवारी १९८० रोजी चेसापीक उपसागरात त्यानं ९१.९ नॉट, म्हणजे ताशी १७० किलोमीटरचा वेग गाठला. दैव बघा, याच मालिकेतल्या नियोजित ३,००० टनी युद्धनौकेचा प्रकल्प डिसेंबर १९७९मध्येच गुंडाळला गेला होता!

जेफ-बी वेगात मागं, पण थेट वाळूवर चढायचं. पुढं त्यावरूनच एलसीएसी हे यान घडलं. जहाजावरून सुमारे ६० टन भार, अगदी रणगाडासुद्धा, ते किनाऱ्यावर उतरवतं. त्याची किंमतही मोजावी लागते: झालर झिजते, फाटते, तुषारांनी समोरचं दिसेनासं होतं, वाऱ्यानं यान बाजूला वाहतं, आवाजानं कान किटतात.

आता पर्लकोटा. भिंतीवालं यान इथं बादच, उथळ पाण्यात खडकाला घासलंच म्हणून समजा. झालरवालं बुडालेल्या धानाच्या बांधीवरून, शेताच्या धुऱ्यावरून, चिखलातून जाईल. पण नदीचा उभा चढ आणि काठाची झाडी त्याला झेपत नाही: चढावर ते मागं घसरतं, बुंध्याला अडतं. आपल्या तटरक्षक दलाकडे हॉवरक्राफ्ट आहेत, पण त्यांचं काम समुद्राकाठच्या सपाट चिखलात. माझं मत विचाराल तर आणायचंच असेल तर छोटं आणावं, आणि आधी वैनगंगेच्या पसरट पात्रात चालवून बघावं. भामरागडला तूर्तास उंच पूल जास्त कामाचा.