आजारी कोंबडी: आधी ऊब, मग पाणी, मग दाणे

कोंबडी आजारी आहे हे आपल्या लक्षात येईपर्यंत आजार बहुधा बराच पुढे गेलेला असतो. कळपातल्या दुबळ्या कोंबडीला बाकीच्या टोचून काढतात, मुंगसाची नजरही आधी तिच्यावरच जाते. त्यामुळे अंगात बळ आहे तोवर ती जमिनीवर चोच मारत, खाल्ल्याचे सोंग करत फिरत राहते. पिसे फुलवून, मान आत ओढून, डोळे मिटून ती भरदिवसा माडाच्या बुंध्याशी बसली, तर ‘उद्या बघू’ म्हणू नये.

अपवाद खुडूक कोंबडीचा. तीही दिवसभर फुगून बसते आणि जवळ गेले की गुरगुरते. मात्र तिचे डोळे टक्क उघडे असतात, आणि दिवसातून एकदा उठून ती भराभर खाते व दुर्गंधी येणारी भली मोठी विष्ठा टाकते. तिला औषधाची गरज नसते.

खऱ्या आजारी कोंबडीच्या बाबतीत पहिली धाव सहसा औषधाकडे जाते. कोणी उरलेली अँटिबायोटिक पाण्यात मिसळते, कोणी चोच उघडून हळद-तेल ओतते. दोन्ही चूक. पहिल्या दिवशी महत्त्वाचा असतो तो क्रम: ऊब, पाणी, आणि त्यानंतर दाणे. कोंबडीच्या शरीराचे तापमान साधारण ४१ अंश सेल्सिअस असते. आपले घर २७ अंशांवर असले तरी तिला १४ अंशांचा फरक शरीरातच भरून काढावा लागतो, आणि उपाशी, भिजलेल्या कोंबडीकडे त्यासाठी इंधन नसते. अंग थंड पडले की आतड्यांची हालचाल मंदावते. अशा कोंबडीला भरवलेले अन्न गळ्याखालच्या पिशवीतच साचते आणि आंबते. गारठलेली असताना भरवण्याची घाई म्हणूनच अंगाशी येते.

तिला बाकीच्यांपासून निदान दहा मीटर दूर, वारा-पाऊस न लागणाऱ्या जागी ठेवा. पुठ्ठ्याचा मोठा खोका आणि तळाशी जुना टॉवेल एवढे पुरते. टॉवेलवर विष्ठाही नीट दिसते, भुशावर ती हरवते. खोक्याच्या एका टोकाला ४० किंवा ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब पाठीपासून दीड फूट उंचीवर टांगा. एलईडी दिव्याचा इथे उपयोग नाही, त्याची ऊब मिळत नाही. बल्बखाली २८ ते ३० अंश ठेवा आणि दुसरे टोक मोकळे, म्हणजे उकडले तर ती स्वतः सरकेल. पावसाळ्यात वीज गेली तर गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवावी. बल्ब पुठ्ठ्याला किंवा कापडाला टेकणार नाही हे रात्री निजण्यापूर्वी पुन्हा पाहा.

एप्रिल-मे महिन्यात मात्र हाच उपचार उलटा पडू शकतो. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. चोच उघडून धापा टाकत, श्वासमार्गातले पाणी उडवून ती अंग थंड ठेवते. गोव्याच्या दमट हवेत हे बाष्पीभवन नीट होत नाही. पंख अंगापासून दूर धरून धापणारी कोंबडी सावलीत, पंख्याच्या झुळुकीत ठेवा आणि तिचे पाय साध्या पाण्यात बुडवा. बर्फ नको.

पाण्यासाठी औषधाच्या दुकानातले ओआरएसचे पाकीट चालते. पाकिटावर लिहिलेल्या मापानेच पाणी घाला, बहुधा ते एक लिटर असते. हे पाणी एक-दोन दिवस द्या, नंतर साधे. दीड किलोच्या कोंबडीला सुरुवातीला एका वेळी १० ते १५ मिलिलिटर, दर दोन-तीन तासांनी पुरते. ती स्वतः पीत असेल तर चोच नुसती भांड्यात बुडवून दाखवा. पीत नसेल तर सुई काढलेली सिरिंज घ्या, पण तोंडात पिचकारी मारू नका. पक्ष्यांच्या श्वासनळीचे तोंड जिभेच्या लगेच मागे उघडे असते आणि त्यावर आपल्यासारखे झाकण नसते. घशात जोराने ओतलेले पाणी थेट फुप्फुसात जाते. तेल गेले तर न्यूमोनिया ठरलेलाच. चोचीच्या कडेवर एकेक थेंब सोडा, तिने गिळल्याचे दिसले की पुढचा. दहा मिलिलिटरला दहा मिनिटे लागली तरी चालेल. मान टाकलेल्या, गिळू न शकणाऱ्या कोंबडीला तोंडाने काहीच देऊ नका. तिला नळीने किंवा सुईने पाणी देणे हे पशुवैद्याचे काम.

धरतानाही जपावे लागते. कोंबडीला श्वासपटल नसते, छातीचे हाड पुढे-मागे हलले तरच हवा आत-बाहेर होते. छाती घट्ट आवळली किंवा तिला उताणी धरून ठेवली तर अशक्त कोंबडी हातातच गुदमरते. टॉवेलमध्ये सैल गुंडाळून, उभी, मांडीवर धरा.

अंगात ऊब आली, दोन-तीनदा पाणी पोटात गेले, की अन्न. नेहमीचे खाद्य कोमट पाण्यात भिजवून, त्यात उकडलेल्या अंड्याचे पिवळे कुस्करून दिले तर सहसा तोंड लावते. उकड्या तांदळाची पेज पातळ करून चालेल, मीठ न घालता. पाव नको, त्याचा गोळा होतो. दूधही नको. सुक्या मासळीचे धुवण तर मुळीच नको, जास्त मीठ कोंबडीला विषासारखे असते.

आता तपासणी. सकाळी काही खाण्यापूर्वी गळ्याच्या तळाशी, किंचित उजवीकडची पिशवी चाचपा. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. कणकेसारखा घट्ट गोळा लागला तर लांब गवत किंवा काथ्याचे तंतू अडकलेले असण्याची शक्यता असते. पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी मऊ लागली आणि तोंडाला आंबूस वास आला तर आत बुरशी वाढली आहे. दोन्हींत अन्न बंद, पाणी चालू, आणि दिवसातून तीन-चार वेळा पिशवी हलक्या बोटांनी चोळणे. चोवीस तासांत फरक नसेल तर दवाखाना. कोंबडीला उलटी धरून पिशवी रिकामी करण्याचा उद्योग अनेक जण सुचवतात. त्यात वर आलेले पाणी श्वासनळीत शिरून ती मिनिटभरात मरू शकते.

मग छातीचे मधले हाड. दोन्ही बाजूंना मांस भरलेले असेल तर आजार ताजा आहे. हाड सुरीच्या पात्यासारखे लागले तर तो कित्येक आठवड्यांपासून चालला आहे, जंत किंवा आतल्या गाठीचाही विचार करावा लागतो. गुदद्वाराभोवतीची पिसे बाजूला करून उवा पाहा. तुरा फिका दिसत असेल तर रात्री टॉर्च घेऊन खुराड्याच्या फटी तपासा, रक्त पिणारे लाल किडे दिवसा तिथे दडतात. विष्ठेवरची पांढरी टोपी म्हणजे कोंबडीची लघवी. अधूनमधून पडणारी तपकिरी, चिकट, घाण वासाची विष्ठाही निरोगीच. नुसती हिरवी, पाणचट विष्ठा पोट रिकामे असल्याचे सांगते, राणीखेत या साथीच्या रोगातही ती दिसते. रक्त दिसले तर थांबू नका.

अंडे अडकलेली कोंबडी वेगळीच दिसते: शेपटी खाली, अंग ताठ उभे, मधूनमधून कुंथणे, सारखी अंड्याच्या जागेकडे ये-जा. गुदद्वाराखाली, दोन टोकदार हाडांच्या मध्ये हलका हात लावला की कठीण गोल लागतो. एक अंडे तयार व्हायला सुमारे २५ तास लागतात, त्यातले २० कवच चढण्यात जातात, आणि त्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असते. अंडे बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही कॅल्शियमच लागते, त्यामुळे साठा संपला की अंडे वाटेतच थांबते. टबात ३८ ते ४० अंशांचे पाणी घ्या, पोट बुडेल इतके. त्यात तिला पंधरा-वीस मिनिटे बसवा, मग हेअर ड्रायरने मंद वाऱ्यावर पूर्ण कोरडी करा. जुलैच्या हवेत पिसे आपोआप वाळत नाहीत आणि ओली कोंबडी पुन्हा गारठते. त्यानंतर अंधारात, उबेत ठेवा. काही तासांत अंडे आले नाही तर कॅल्शियमच्या इंजेक्शनसाठी पशुवैद्य गाठा. बोटांनी दाबून ते आत फोडू नका, कवचाच्या कपच्यांनी अंडनलिका फाटते.

पुढच्या वेळेसाठी घरी शिजवलेल्या तिसऱ्या नावाच्या शिंपल्यांची टरफले धुऊन, वाळवून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवावीत. पूड करू नये, तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे हवेत. ते पेट्यात, म्हणजे दाणे दळणाऱ्या स्नायूंच्या पोटात, टिकून राहतात आणि रात्री कवच चढत असतानाच हळूहळू विरघळतात. पूड तोवर पुढे निघून गेलेली असते.

एकाऐवजी तीन-चार कोंबड्या एकदम बसल्या तर ही घरगुती शुश्रूषा बाजूला ठेवावी. मान पिळवटणे, पाय लुळे पडणे, घरघर आणि हिरवी हगवण ही राणीखेतची, म्हणजे मानमोडीची लक्षणे. त्यावर औषध नाही, लस आहे: पहिल्या आठवड्यात डोळ्यात लासोटाचा थेंब, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आठव्याच्या आसपास आर-टू-बीचे इंजेक्शन. लस २ ते ८ अंशांवर ठेवावी लागते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. एका कुपीत शंभर किंवा जास्त डोस असतात, म्हणून वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, चार घरांनी एकाच दिवशी टोचून घेतलेले बरे. आजारी कोंबडीला लस देऊ नये. मान लुळी पडून जमिनीला टेकली पण पिळवटली नाही, तर सडक्या मासळीतल्या अळ्यांचा संशय घ्या, त्यांतून बोटुलिझमचे विष येते. मासळीची घाण परसात टाकण्याची सवय इथे नडते. धडाधड मरतुक, निळे पडलेले तुरे, सुजलेली डोकी दिसली तर मेलेल्या पक्ष्यांना हात न लावता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला फोन करा, तो बर्ड फ्लू असू शकतो.

पावसाळ्यात पिल्लांना रक्ती हगवण होते. तिच्या परजीवीची अंडी ओल्या, उबदार भुशात एक-दोन दिवसांत रोगकारक होतात आणि ब्लीचिंगलाही दाद देत नाहीत. कोरडा भुसा आणि उकळते पाणी हाच उपाय. अ‍ॅम्प्रोलियमची २० टक्क्यांची पूड असेल तर लिटरमागे १.२ ग्रॅम, तीन ते पाच दिवस. पाकिटावरची टक्केवारी वाचून हिशेब करा. हे औषध परजीवीला बी-१ जीवनसत्त्व मिळू देत नाही, म्हणून त्याच काळात बी-कॉम्प्लेक्स दिले तर औषध वाया जाते. कोंबड्यांना होणाऱ्या देवीचे फोड मात्र खरवडू नका, ते दोन-चार आठवड्यांत सुकतात. तोवर हा रोग पसरवणारे डास अडवायला मच्छरदाणी लावा.

अँटिबायोटिक पशुवैद्यानेच ठरवावी, आणि तिचा अंश अंड्यात किती दिवस उतरतो हेही त्यांना विचारावे. तितक्या दिवसांची अंडी फेकायची, शेजाऱ्याला द्यायची नाहीत. कोलिस्टिन ही अँटिबायोटिक अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना देण्यावर २०१९ पासून देशात बंदी आहे. दवाखान्यात जाताना कोंबडीचे वजन आणि सकाळची ताजी विष्ठा डबीत न्या. बर्ड फ्लूचा संशय नसलेली एखादी कोंबडी मेलीच, तर शवविच्छेदनासाठी ती फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, दुहेरी पिशवीत ठेवा. फ्रीझरमध्ये पेशी फुटतात आणि तपासणीत काही कळत नाही. पुरायची असेल तर विहिरीपासून लांब, मीटरभर खोल, वर चुना. आजारी कोंबडी कापून खाऊ नये.

सावरलेली कोंबडी एकदम कळपात सोडली तर बाकीच्या तिला परकी समजून फोडतात. चार-पाच दिवस जाळीच्या आडून एकमेकींना दिसू द्या, मग अंधार पडल्यावर खुराड्यातल्या दांडीवर नेऊन बसवा आणि दुसऱ्या दिवसापासून दाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवा.