लास्कोची मूळ गुहा बंद का आहे?

नैऋत्य फ्रान्समधल्या दोर्दोन्य भागात, व्हेझेर नदीच्या खोऱ्यात, मुलाबाळांना घेऊन एक दिवस फिरायचं ठरवलं की पहिलं नाव निघतं ते लास्कोचं, म्हणजे आदिमानवाने भिंतींवर चित्रं काढलेल्या गुहेचं. पण गुहेजवळच्या माँतिन्याक गावाला पोचल्यावर बघायला मिळते ती प्रतिकृती. ठरलेल्या वेळेचं तिकीट, गाइडबरोबरच आत जायचं आणि मूळ गुहेकडे फिरकायचंही नाही, हे सगळं १९४८ ते १९६३ या पंधरा वर्षांत शिकलेल्या धड्यातून आलं.

खोऱ्याचं नाव त्याच्या बरंच आधी झालं होतं. लेझेझी गावाजवळ १८६८ मध्ये रस्ता-रेल्वेच्या कामात क्रो-मॅन्यों माणसाचे, म्हणजे हिमयुगातल्या आपल्यासारख्याच माणसाचे, सांगाडे सापडले. १९०१ च्या सप्टेंबरात काँबारेल आणि फाँ-द-गोम या चित्रगुहा चार दिवसांच्या अंतराने उजेडात आल्या. त्यात गावचे शिक्षक देनी पेरोनी यांचा मोठा वाटा होता. पुढे १९३६ मध्ये फ्रेंच कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली आणि सहकुटुंब सहल हळूहळू सामान्य माणसाच्या आवाक्यात आली.

लास्को चार पोरांना सापडलं ते १२ सप्टेंबर १९४० ला. युद्ध संपल्यावर, १९४८ मध्ये, ते लोकांसाठी उघडलं. त्यासाठी तोंडाशी साचलेली दगडमाती उपसली, पायऱ्या केल्या, जमीन खोल केली, दिवे लावले. खरी चूक इथे झाली असं म्हणायला हवं, कारण आतली हवा हजारो वर्षं स्थिर राहिली होती त्यात या ढिगाऱ्याचाही हात होता. १९५५ च्या सुमारास दिवसाला १२०० पर्यंत माणसं आत जाऊ लागली. प्रत्येकाच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड, वाफ आणि अंगाची ऊब. वाफ थंड भिंतीवर जमून पाणी होते, त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळला की ते किंचित आंबट होतं आणि चुनखडीला खातं. विरघळलेला चुना पुन्हा बसला की चित्रांवर पांढरा थर धरतो. हा ‘पांढरा रोग’. दिव्यांच्या उजेडात शेवाळ वाढलं, तो ‘हिरवा रोग’. हवा खेचायची यंत्रं बसवूनही भागलं नाही. अखेर एप्रिल १९६३ मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी गुहा बंद केली. शेवाळ औषधांनी आटोक्यात आलं, तरी २००१ मध्ये बुरशीने पुन्हा डोकं वर काढलं. म्हणजे नुसतं दार लावून भागत नाही.

पहिली प्रतिकृती, लास्को २, मूळ गुहेपासून २०० मीटरवर १९८३ मध्ये उघडली. तीत बैलांचं दालन आणि त्याला लागून असलेली चित्रांची गल्ली एवढंच आहे. जुन्या चित्रकारांच्या पद्धतीचे नैसर्गिक रंग वापरून ती रंगवली. पण तिच्यासाठीही गाड्या त्याच टेकडीवर चढत राहिल्या. म्हणून २०१६ च्या डिसेंबरात टेकडीच्या पायथ्याशी लास्को ४ उभं राहिलं. त्यात जवळजवळ सगळी गुहा आहे. ‘नक्कल कशाला बघायची’ म्हणून तोंड वाकडं करणाऱ्यांनी पाच मीटरहून जास्त लांबीच्या बैलाच्या चित्राखाली एकदा उभं राहून बघावं.

खरीच गुहा बघायची असेल तर फाँ-द-गोम आहे. रंगीत चित्रं असलेली ही गुहा अजून लोकांना उघडी आहे, पण रोज मोजकीच माणसं घेतात. तिकिटाची सोय आधी केली नाही तर परत फिरावं लागतं. वर जायला चढ आहे, आत वाटा अरुंद. बाबागाडीचा उपयोग नाही.

लहान मुलं असतील तर रुफिन्याक बरी. गुहा मोठी, भुयारं मिळून सुमारे आठ किलोमीटर, त्यामुळे छोट्या विजेच्या गाडीत बसून आत जाता येतं आणि पोरांचे पाय दुखत नाहीत. चित्रांत मॅमथच मॅमथ. आत तापमान वर्षभर १३ अंशांच्या आसपास असतं. ऑगस्टच्या उन्हातून हाफ पँटवर आत गेलेली मुलं दहाव्या मिनिटाला कुडकुडायला लागतात. स्वेटर गाडीत विसरू नका. हिवाळ्यात ही गुहा बंद असते.