कोपर नसलेले हात: रबर होज स्टाइलमागची पार्श्वभूमी

इन्स्टावर हल्ली जो तो स्वतःचं नाहीतर आपल्या कुत्र्याचं जुन्या ब्लॅक अँड व्हाइट कार्टूनसारखं चित्र काढून टाकतोय. पांढरे हातमोजे, काळ्या डोळ्यात एक त्रिकोणी खाच, आणि हातपाय असे की बागेत पाणी घालायच्या पाइपचे चार तुकडे कापून धडाला चिकटवलेत, कोपर नाही गुडघा नाही काही नाही. ह्याला रबर होज (रबरी नळी) म्हणतात हे आता बऱ्याच जणांना माहितीये, ट्युटोरियल्स पण ढिगाने पडलीयेत, पण ती सगळी हात असा काढा मोजा तसा काढा इथेच संपतात. तो हात तसा का आणि मोजा आला कधी ह्यावर कोणी बोलत नाही. माझं म्हणणं असं आहे की ह्या स्टाइलमधलं जवळपास काहीच "क्यूट दिसतं" म्हणून आलेलं नाही, कामाचा डोंगर उपसायचा होता म्हणून आलंय.

सुरुवात न्यूयॉर्कमध्ये. १९१४ मध्ये विन्सर मके ह्या व्यंगचित्रकाराने 'गर्टी द डायनासोर' ही ॲनिमेशन फिल्म केली तेव्हा प्रत्येक कागदावर गर्टी तर नव्याने काढायचीच पण मागचे दगड आणि तळं पण परत परत काढायचं, बॅकग्राउंडसाठी एक मदतनीस ठेवला होता तो बिचारा तेच ते ट्रेस करत बसायचा. मके उत्तम ड्राफ्ट्समन, त्याची गर्टी श्वास घेताना पोट हलतं, चालताना वजन जाणवतं. पण असं काम म्हणजे एका माणसाचा छंद, थिएटरला सतत नवीन माल पाहिजे असेल तर हे परवडणारं नव्हतं. त्याच वर्षी अर्ल हर्ड ह्या ॲनिमेटरने सेलच्या पेटंटसाठी अर्ज केला, म्हणजे पारदर्शक सेल्युलॉइडवर पात्र काढायचं आणि खाली एकच बॅकग्राउंड ठेवायचं. जॉन ब्रे ह्या स्टुडिओवाल्याने हर्डला हाताशी धरलं, दोघांची पेटंटं एकत्र झाली आणि बाकीच्या स्टुडिओंना लायसन्सचे पैसे भरायची वेळ आली. पॅट सुलिव्हनच्या स्टुडिओत मग उलटा जुगाड चालायचा, पात्र कागदावरच काढायचं आणि बॅकग्राउंड सेलवर काढून वरून ठेवायचं.

ह्याच सुलिव्हनच्या स्टुडिओतून १९१९ मध्ये फेलिक्स द कॅट आला. पडद्यावर नाव सुलिव्हनचं, काढणारा ओटो मेसमर, आणि त्याला श्रेय मिळायला कित्येक दशकं गेली (ही ह्या धंद्यातली जुनीच खोड, पुढे पण येईल). सुरुवातीचा फेलिक्स बघाल तर ओळखणार नाही, टोकदार, चौकोनी, लांब थोबाडाचा. काळा का केला तर मेसमरने नंतर सांगितलंय की काळा केला की आउटलाइन कमी काढाव्या लागतात आणि भरीव काळा आकार हलताना चांगला दिसतो. मग विसाच्या दशकाच्या सुरुवातीला बिल नोलन नावाच्या ॲनिमेटरने त्याला गोल केला, डोकं गोल, धड गोल, हातपाय नळ्या. रबर होजचं श्रेय साधारणपणे नोलनलाच देतात.

आता हे एकदा कागद घेऊन करून बघा म्हणजे कळेल. कोपर असलेला हात काढायचा तर प्रत्येक ड्रॉइंगमध्ये खांदा कुठे, कोपर कुठे, मनगट कुठे, दंड केवढा आणि पुढचा हात केवढा हे सगळं जुळवायला लागतं, एका ड्रॉइंगमध्ये कोपर जरा वर गेलं की पडद्यावर हात तुटल्यासारखा झटका बसतो. होजमध्ये दोनच बिंदू, खांदा आणि मनगट. मधे एक कमान, दोन समांतर रेषा, जाडी सगळीकडे तीच, संपलं. गोलाचं पण तेच, गोलाला कोपरा नसतो त्यामुळे ह्या कागदावरून त्या कागदावर जाताना थोडं इकडे तिकडे झालं तरी खपून जातं, आणि दहा जणांनी काढला तरी एकाच माणसाने काढल्यासारखा दिसतो. डिस्नीच्या स्टुडिओत तर डोकं आणि धड काढायला नाणी ठेवून गोल मारायचे. आकडाच बघा ना, सात मिनिटांची फिल्म, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १०,०८० फ्रेम. एक ड्रॉइंग दोन फ्रेम धरून ठेवलं तरी ५,०४० ड्रॉइंग्ज, ती पण पडद्यावर एकच पात्र असेल तर. इथे शरीरशास्त्र कोण बघत बसतंय.

वॉल्ट डिस्नीची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे म्हणून थोडक्यात. १९२७ मध्ये त्याने ऑसवल्ड नावाचा ससा काढला, १९२८ मध्ये वितरक चार्ल्स मिंट्झने ससा पण काढून घेतला आणि बहुतेक ॲनिमेटर पण फोडले. मोठ्या ॲनिमेटरांपैकी अब आयवर्क्स तेवढा वॉल्टबरोबर राहिला. मग गुपचूप मिकीची पहिली फिल्म 'प्लेन क्रेझी' झाली ती जवळपास एकट्या आयवर्क्सने काढली, दिवसाला ७०० ड्रॉइंग्ज काढल्याचं सांगतात. सातशे! हा वेग नळीच्या हातापायांशिवाय शक्यच नाही, आणि मिकी आणि ऑसवल्ड शेजारी ठेवले तर कानांचा फरक सोडून दोघं सख्खे भाऊ वाटतात ते उगाच नाही. (आणि हो, मिकी म्हटलं की नाव वॉल्टचंच, आयवर्क्स कोणाला माहीत.)

पण खरी मजा आवाज आल्यावर झाली. 'स्टीमबोट विली' १८ नोव्हेंबर १९२८ ला न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरात लागली. त्यासाठी डिस्नीच्या विल्फ्रेड जॅक्सनने मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) घेऊन हिशोब बसवला की एका बीटला, म्हणजे ठेक्याला, किती फ्रेम येतात, म्हणजे चित्र आणि संगीत एकाच मापावर. होज हात इथे एकदम फिट बसले, कारण त्यांना हाडं नाहीत, त्यामुळे बीट पडला की हात, पोट, मान, बोटीचं धुराडं, गायीचे दात, काहीही त्या बीटवर वाकवता येतं. त्यातला एक सीन मला फार आवडतो. बोटीचा कॅप्टन पीट मिकीला पोटाला धरून ओढतो, पोट च्युइंगमसारखं लांब होतं आणि सोडल्यावर तसंच लोंबतं, आणि मिकी काय करतो, तर ते लोंबतं पोट गोळा करून शांतपणे चड्डीत कोंबतो. दुखलं नाही, रडला नाही, पुढे चालू. फेलिक्सचं पण तसंच, त्याची शेपूट निघते, प्रश्नचिन्ह होते, हँडल होते, परत लागते. ह्या जगाचा नियम इतकाच की सगळं एकाच मटेरियलचं बनलंय. आज जे लोक नुसतं हात वाकडे काढतात आणि टेबल, झाड, घर मात्र मोजपट्टीने सरळ ठेवतात त्यांचं चित्र म्हणूनच खोटं वाटतं.

आता हातमोजे. 'स्टीमबोट विली'मधल्या मिकीला मोजे नाहीत, हात काळेच. अडचण अशी की काळा हात काळ्या छातीसमोर आला की गायब. म्हणून १९२९ मध्ये पांढरे मोजे आले, बोटं चार ठेवली म्हणजे एक बोट दरवेळी वाचलं, आणि मोज्याच्या पाठीवर त्या तीन रेघा, ज्या खऱ्या कापडी मोज्यांच्या शिवणीवरून आल्यात. डोळ्यातली खाच ही पण गंमतच आहे, त्या काळातल्या फिल्ममध्ये मिकीचे डोळे बहुतेक वेळा साधे काळे लंबगोल असतात, खाचवाले डोळे जास्त करून पोस्टर आणि कॉमिक स्ट्रिपमध्ये. स्थिर चित्रात नजर कुठे आहे ते दाखवायला काहीतरी लागतं म्हणून असावं.

पण मोज्यांची गोष्ट एवढीच सांगून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं नाही. काळं तोंड, मोठे पांढरे ओठ, टपोरे डोळे, पांढरे मोजे हे सगळं एकोणिसाव्या शतकापासून अमेरिकेत चालणाऱ्या मिन्स्ट्रेल शोमध्ये होतं, जिथे गोरे नट तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टर उडवायचे. हर्मन आणि आयझिंग ह्या ॲनिमेटर जोडीचं बॉस्को हे पात्र तर त्यावरच बेतलेलं, कॉपीराइटच्या नोंदीत त्याला सरळ 'निग्रो मुलगा' म्हटलंय. निकोलस सॅमंड ह्या अभ्यासकाने २०१५ मध्ये ह्यावर पूर्ण पुस्तक लिहिलंय. म्हणजे सोय पण खरी आणि हा वारसा पण खरा, दोन्ही एकाच मोज्यात आहेत. ही स्टाइल काढूच नका असं मी म्हणणार नाही, पण जाड पांढरे ओठ काढताना हे माहीत असावं.

न्यूयॉर्कला मॅक्स आणि डेव्ह फ्लायशर हे भाऊ होते, आणि माझ्या मते रबर होजचं सगळ्यात भन्नाट काम त्यांच्याकडे झालं, डिस्नीकडे नाही. डिस्नी गोड, फ्लायशर शहरी, जॅझवाले, थोडे भुताटकीचे. मॅक्सकडे रोटोस्कोपचं पेटंट होतं, म्हणजे खऱ्या माणसाचं शूटिंग करून त्यावरून ट्रेस करायचं. १९३० मध्ये ग्रिम नॅटविकने बेटी बूप काढली, पहिल्या फिल्ममध्ये तिला कुत्र्याचे लांब कान होते, पुढे त्या कानांची कानातली झाली. १९३२ च्या 'मिनी द मूचर'मध्ये कॅब कॅलोवे ह्या जॅझ गायकाचा नाच रोटोस्कोप करून एका वॉलरसच्या भुताला दिलाय, तो बघाच, नळीचे पाय असलेल्या पात्रांमध्ये एकदम खरा माणूस घुसल्यासारखा अंगावर येतो. फ्लायशरकडे कोणी नुसतं उभं राहत नाही, उभं असलं तरी गुडघ्यात बीटवर हलत राहतं. ही बाउन्स आजच्या बऱ्याच नकलांमध्ये हरवलेली असते.

मग संपलं कसं? कोणी बंद नाही केलं, डिस्नीलाच ते पुरेना. होजमध्ये हत्ती आणि उंदीर सारखेच हलतात, वजन नाही, आणि पात्र दुखावलं असं प्रेक्षकाला वाटलंच पाहिजे असेल तर ज्याचं पोट चड्डीत कोंबता येतं त्याच्यासाठी कोण रडणार. डिस्नीचा ॲनिमेटर आर्ट बॅबिट ह्याने घरी मॉडेल बोलावून ड्रॉइंगचे क्लास सुरू केले, १९३२ च्या शेवटी ते स्टुडिओत आले आणि डॉन ग्रॅहम शिकवायला लागला. १९३३ च्या 'थ्री लिटल पिग्ज'मध्ये दिसायला सारखी तीन डुकरं नुसत्या हालचालीवरून वेगळी ओळखू येतात. तिथल्याच फ्रेड मूरने मिकीचं गोल धड नासपतीच्या आकाराचं केलं, कोपरं आली, १९३९ पर्यंत डोळ्यात बुबुळं पण आली. डिसेंबर १९३७ मध्ये 'स्नो व्हाइट' आली तोपर्यंत होज हात म्हणजे जुनाट समजले जायचे. फ्लायशरचं वेगळंच दुखणं, १९३४ पासून सेन्सॉरचे नियम कडक झाले आणि बेटीचा फ्रॉक लांब झाला, मजा गेली. पॉपायने त्यांना तारलं.

आपल्याकडे ही स्टाइल त्या काळात शिकवली गेल्याचं दिसत नाही, आणि त्याचं कारण तारखांमध्ये आहे. फाळक्यांनी १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' केली ती काड्या हलवून, ड्रॉइंग नाही. प्रभातने १९३४ मध्ये 'जंबूकाका' ही कार्टून फिल्म केली पण पुढे तिथे काही परंपरा उभी राहिली नाही. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचं कार्टून युनिट १९५६ मध्ये सुरू झालं आणि शिकवायला आला डिस्नीत काम केलेला क्लेअर वीक्स, म्हणजे आपली पहिली पिढी थेट वजन-हाडं-स्क्वॉश (आकार दबणं-ताणणं) ह्याच शाळेत शिकली. होज आपल्याकडच्या आर्टिस्टांच्या हातात आली ती अगदी अलीकडे, आणि बहुतेकांच्या ती एका गेममुळे.

तो गेम म्हणजे 'कपहेड', सप्टेंबर २०१७, कॅनडातल्या चॅड आणि जॅरेड मोल्डेनहॉवर ह्या भावांचा. त्यांनी शॉर्टकट घेतला नाही, पात्रं कागदावर पेन्सिलने, मग शाईने, बॅकग्राउंड वॉटरकलरमध्ये, रंग फक्त कॉम्प्युटरवर भरले. गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो पण ॲनिमेशन मुद्दाम २४ चंच ठेवलं. बघायला गंमत अशी की ज्या स्टाइलचा जन्म वेळ वाचवायला झाला ती आज करायला सगळ्यात वेळखाऊ झालीये, कारण आता शाईची ती थोडी हलणारी रेघ आणि फिल्मवरचे ओरखडे पण मुद्दाम आणावे लागतात.

१ जानेवारी २०२४ ला अमेरिकेत 'स्टीमबोट विली' पब्लिक डोमेनमध्ये आली, म्हणजे कॉपीराइट संपून सगळ्यांना मोकळी झाली, आणि लगेच त्या मिकीचे हॉरर सिनेमे आणि गेम्स जाहीर झाले. पण मोकळा झालाय तो १९२८ चा मिकी, बिनमोज्यांचा, काळ्या हातांचा. मोजेवाला मिकी १९२९ चा, तो वर्षभराने, १ जानेवारी २०२५ ला मोकळा झाला. बुबुळं असलेला १९३९ चा अजून तिकडे कॉपीराइटमध्येच आहे. आणि ट्रेडमार्क डिस्नीकडेच, त्यामुळे टी-शर्टवर छापून विकायचा विचार असेल तर आधी वकिलाला विचारा.