कोरियन पुस्तकातले चौकोन आणि ११,१७२ फ्लॅटांची सोसायटी

गेल्या महिन्यात बडोद्याला दांडिया बाजारात बहिणीकडे गेलो होतो, सेव-उसळ खाऊन झाली आणि भाची तिचा ई-रीडर घेऊन शेजारी येऊन बसली. "मामा, बघ ना, हा बिघडलाय का?" ती दीडेक वर्ष कोरियन शिकतेय, आधी सिरियल बघता बघता आणि आता नीट वही घालून. तिच्या एका कोरियन मैत्रिणीने कॉपीराइट संपलेल्या जुन्या गोष्टी गोळा करून त्यांचं ई-पुस्तक बनवून पाठवलं होतं, आणि रीडरवर उघडलं तर पानभर नुसते रिकामे चौकोन. गंमत म्हणजे कोरियन लिपीत 'म' हे अक्षर खरंच चौकोनी असतं, म्हणून पहिलं मिनिटभर तिला वाटलं की कुणीतरी म म म म असं पानभर लिहून ठेवलंय.

घरातल्यांचं मत तयार होतं. कोरियन म्हणजे चिनीसारखी चित्रलिपी, हजारो चित्रं पाठ करायची, एवढ्याशा मशीनला ती कुठून झेपणार. हा गैरसमज मी बऱ्याच शिकल्यासवरल्या लोकांकडूनही ऐकलाय आणि खरं सांगायचं तर हा लेख त्यासाठीच लिहितोय, कारण या चौकोनांच्या मागे जे आहे ते मला फार म्हणजे फार आवडतं.

कोरियन लिपी, म्हणजे हांगुल, चित्रलिपी नाही. पंधराव्या शतकात सेजोंग राजाने ती मुद्दाम तयार करवली, १४४३ मध्ये ती तयार झाली आणि १४४६ मध्ये लोकांसाठी जाहीर केली. तेव्हा अक्षरं २८ होती, आज मूळ अक्षरं २४ आहेत, १४ व्यंजनं आणि १० स्वर. बस्स, आपल्या बाराखडीपेक्षा कमी. व्यंजनांचे आकार तोंडावरून घेतलेत, 'न' म्हणजे टाळूला टेकलेल्या जिभेचा आकार, 'म' म्हणजे मिटलेलं तोंड. मग चिनीसारखं का दिसतं? कारण ही अक्षरं एकापुढे एक न लिहिता एका उच्चाराची दोन-तीन अक्षरं एका चौकोनी ठोकळ्यात रचतात. 'हान' म्हणताना ह, आ आणि न, तिघं एकाच ठोकळ्यात, 'न' खाली बसलेला. आपण 'कि' मध्ये वेलांटी मागे नेतो, 'कु' मध्ये उकार खाली नेतो, तसंच, फक्त इथे शेवटचं व्यंजनही त्याच घरात राहायला येतं.

आता कॉम्प्युटरकडे येऊ. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, त्याला नंबर कळतो हे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. जगातल्या बहुतेक लिप्यांना नंबर देणारी जी पद्धत आहे तिला युनिकोड म्हणतात. हांगुलला नंबर देताना दोन रस्ते होते, एकतर सुट्या अक्षरांना नंबर द्यायचे आणि ठोकळा दाखवायच्या वेळी जुळवायचा, नाहीतर तयार ठोकळ्यालाच नंबर द्यायचा. युनिकोडने दोन्ही केलं, आणि भाचीचा अर्धा घोटाळा तिथूनच आला, पण ते पुढे.

तयार ठोकळे किती होतील ते मोजता येतं. सुरुवातीला येऊ शकणारी व्यंजनं १९ (मूळ १४ आणि ५ जोरकस जोड्या), मधले स्वर २१ (मूळ १० आणि त्यांच्या जोडण्या), शेवटी येणारी व्यंजनं किंवा व्यंजनांच्या जोड्या २७ आणि शेवटी काहीच नसणं हा एक पर्याय, म्हणजे २८. गुणाकार करा, १९ गुणिले २१ गुणिले २८ बरोबर ११,१७२. आजच्या कोरियनमध्ये याच्या बाहेर ठोकळाच होऊ शकत नाही.

आणि हे ११,१७२ ठोकळे युनिकोडमध्ये ज्या क्रमाने बसवलेत तो बघून मी पहिल्यांदा खुर्चीतून उठलो होतो. अशी सोसायटी डोळ्यासमोर आणा की जिच्यात १९ विंग आहेत, प्रत्येक विंगला २१ मजले, प्रत्येक मजल्यावर २८ फ्लॅट. विंग म्हणजे पहिलं व्यंजन, मजला म्हणजे स्वर, फ्लॅट म्हणजे शेवटचं व्यंजन. मोजणी शून्यापासून, जसा आपल्याकडे तळमजला शून्य असतो. फ्लॅट नंबर शून्य म्हणजे शेवटी व्यंजन नाही. सोसायटीच्या गेटचा नंबर ४४,०३२. आता 'हान' चा पत्ता काढू. 'ह' ची विंग १८ (सगळ्यात शेवटची), 'आ' चा मजला शून्य, 'न' चा फ्लॅट ४. आधी १८ विंग ओलांडायच्या म्हणजे १८ गुणिले २१, ३७८ मजले मागे पडले, प्रत्येकावर २८ फ्लॅट म्हणजे १०,५८४, अधिक ४, झाले १०,५८८, त्यात गेटचे ४४,०३२ मिळवा, ५४,६२०. हाच 'हान' चा युनिकोड नंबर. कुठलाही तक्ता बघावा लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते.

उलटंही जमतं. नंबर दिला तर त्यातून ४४,०३२ वजा करा, २८ ने भागा, बाकी उरेल तो फ्लॅट म्हणजे शेवटचं व्यंजन. याचा उपयोग कुठे होतो बघा. आपण कर्माला 'ला' लावतो तसा कोरियनमध्ये कर्माला 'उल' किंवा 'रुल' लागतो (हा 'उ' ओठ गोल न करता म्हणायचा), शब्द व्यंजनाने संपला तर 'उल' आणि स्वराने संपला तर 'रुल'. पुस्तक म्हणजे 'छेक', त्याचा नंबर ५२,२९३, वजा ४४,०३२ म्हणजे ८,२६१, २८ ने भागल्यावर बाकी १, म्हणजे खाली व्यंजन आहे, 'उल' लावा. शाळा म्हणजे 'हाक्क्यो', शेवटच्या 'क्यो' चा नंबर ४४,३६८, वजा केल्यावर ३३६, बाकी शून्य, स्वर आहे, 'रुल' लावा. व्याकरणाचा एक नियम नुसत्या भागाकाराच्या बाकीवर चालतोय! प्रोग्रॅमर हे रोज वापरतात.

देवनागरीत हे का नाही केलं असं कुणी विचारेल. आपल्याकडे गुणाकार थांबतच नाही. 'कार्त्स्न्य' हा शब्द घ्या, त्यातला 'र्त्स्न्य' हा एकच जोडाक्षराचा गठ्ठा, त्यात पाच व्यंजनं आणि चार हलंत, म्हणजे नऊ नंबर. पुढे किती व्यंजनं जोडली जातील याला ठरलेली हद्द नाही, म्हणून युनिकोडने देवनागरीचे सुटे भाग ठेवले आणि जोडाक्षर दाखवायच्या वेळी फॉन्टमधल्या नियमांनी शिजवायचं ठरवलं. म्हणूनच जुन्या रीडरवर 'वाऱ्यावर' मधला र मोडायचा. तिथे भाग सगळे असायचे, शिजवणारं नसायचं.

याच जागी एक बोलून टाकतो. संस्कृत ही कॉम्प्युटरसाठी सर्वोत्तम भाषा असं नासाने सिद्ध केलंय, हा मेसेज दर काही महिन्यांनी फिरतो. मूळ गोष्ट १९८५ सालचा रिक ब्रिग्ज यांचा एक लेख आहे, त्यात संस्कृत व्याकरणकारांची वाक्याचा अर्थ फोडण्याची पद्धत आणि कॉम्प्युटरमध्ये ज्ञान मांडण्याची पद्धत यांची तुलना केलीय. ते नासाशी संबंधित संशोधन संस्थेत होते एवढंच, नासाने काही ठरवलं नाही. तसंच कोरियनमध्ये वडिलांना 'आप्पा' म्हणतात म्हणून कोरियन आपल्यातूनच निघाली हेही खरं नाही, प आणि म हे बाळाच्या ओठांना सगळ्यात आधी जमणारे आवाज, म्हणून आईबापांना तसल्या हाका कितीतरी भाषांत आहेत. पाणिनी मोठा आहेच, त्याला असल्या फॉरवर्डची गरज नाही.

तर परत भाचीच्या रीडरकडे. पहिला दोष सोपा होता. पुस्तकात नंबर बरोबर होते, पण रीडरमधल्या फॉन्टकडे त्या नंबरांची चित्रंच नव्हती, आणि चित्र नसलं की फॉन्ट आपला शून्य नंबरचा आकार दाखवतो, तो रिकामा चौकोन. त्याला टोफू म्हणतात, आणि गुगलच्या नोटो फॉन्टचं नाव 'नो टोफू' वरून आलंय. बऱ्याच रीडरांत फॉन्ट टाकायला एक फोल्डर असतं, तिथे कोरियन फॉन्ट टाकला, रीडर बंद करून चालू केला आणि गोष्टी दिसायला लागल्या. इथेही एक जुनं दुखणं माहीत असावं, ठोकळ्यांना नंबर देणाऱ्या १९८७ च्या कोरियन मानकात फक्त २,३५० ठोकळे होते, सगळे ११,१७२ युनिकोडमध्ये १९९६ च्या आवृत्तीपासून आले, आणि अजूनही काही फॉन्ट २,३५० चेच काढतात. मग गोष्टीतलं एखादं पात्र विचित्र आवाज काढून ओरडलं, म्हणजे क्वचित लागणारा ठोकळा आला, की नेमका तिथेच चौकोन.

पण आमचं काम संपलं नव्हतं. आतला मजकूर छान दिसत होता आणि प्रकरणांची शीर्षकं मात्र फुटलेली, ह वेगळा, आ वेगळा, न वेगळा, असे दाणे सांडल्यासारखे. फॉन्ट तोच, पान तेच. अर्धा तास डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की मैत्रिणीने शीर्षकं हाताने टाइप केली नव्हती, फायलींच्या नावांवरून उचलली होती, आणि ती वापरते मॅक. मॅकची जुनी फाइल पद्धत नावं सुट्या अक्षरांच्या रूपात ठेवायची, म्हणजे 'हान' साठी एक नंबर नाही, तीन. युनिकोडच्या नियमाने दोन्ही रूपं समान धरायची असतात, पण रीडरला तीन नंबरांवरून ठोकळा जुळवता आला नाही. इलाज म्हणजे तोच वरचा गुणाकार, पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत त्यासाठी तयार फंक्शन आहे, एका ओळीत सगळे दाणे ठोकळ्यांत गेले.

स्क्रीनबद्दल थोडंच सांगतो. ई-इंकमध्ये काळे-पांढरे विद्युतभारित कण असतात, व्होल्टेजने वर-खाली होतात आणि नंतर वीज नसली तरी तिथेच राहतात, आपण बाहेरच्या उजेडात ते कागदासारखे वाचतो. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत वरचा उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून काचेच्या फरश्या घातल्यात, तिथे बसून रीडर वाचला तर तोच उजेड कामाला येतो. पण हांगुलला बारीक ठिपके लागतात. तो 'रुल' घ्या, पानावर सगळीकडे असतो, वरच्या 'र' च्या तीन आडव्या रेघा, स्वराची एक, खालच्या 'ल' च्या तीन, सात रेघा एकावर एक. इंचाला १६७ ठिपके असलेल्या जुन्या स्क्रीनवर दहा पॉइंटचा ठोकळा जेमतेम २३ ठिपके उंच, त्यात सात रेघा आणि सहा फटी, सगळं राखाडी होऊन बसतं. ३०० ठिपक्यांच्या स्क्रीनवर ४१-४२ ठिपके मिळतात. भिंग लावून भाचीला सातही रेघा मोजायला लावल्या.

आता राहिलाय शब्दकोश. शब्दावर बोट ठेवलं की अर्थ यावा, पण कोरियनमध्ये आपल्यासारखेच प्रत्यय शब्दाला चिकटतात, 'छेकुल' शोधलं तर काही मिळत नाही, कोशात 'छेक' आहे. म्हणून मी शेवटचा 'उल' किंवा 'रुल' काढून शोधणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला, आणि पहिल्याच संध्याकाळी तो 'काउल' वर अडला. काउल म्हणजे शरद ऋतू, त्यातला 'उल' शब्दाचाच आहे, प्रत्यय नाही. 'शाळेला' मधला 'ला' काढायचा आणि 'मसाला' मधला ठेवायचा, तसलंच. आता आधी अख्खा शब्द कोशात बघतो, नाही मिळाला तरच प्रत्यय काढतो. काल रात्री भाचीचा मेसेज आला, काउल सापडला, आणि खाली पुढच्या सहा प्रत्ययांची यादी.