सनस्क्रीन लावूनही चेहरा काळवंडतोय? ट्यूब परत आणायच्या आधी हे वाचा

एप्रिल लागला की दुकानात रोज तेच. ताई, तुमच्याकडून एसपीएफ ५० नेलं होतं, रोज न चुकता लावते, तरी टॅन झालं, माल डुप्लिकेट तर नाही ना? मी विचारते ट्यूब नेली कधी. होळीच्या आधी. किती उरलीय? "अर्धी आहे की अजून." बस, उत्तर तिथेच मिळालं. पण मागे चार गिऱ्हाइकं उभी असताना हे सगळं समजावत बसणं होत नाही, म्हणून हा कागद छापून घेतला, आता प्रत्येक ट्यूबसोबत पिशवीत टाकतोय आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पण पाठवतोय. रोज क्रीम वापरणाऱ्यांना "सनस्क्रीन म्हणजे काय" हे सांगत नाही, ते तुम्हाला माहितीच आहे. गडबड होते ती फक्त किती लावायचं यात.

ट्यूबवर एसपीएफचा, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं त्याचा, जो ५० आकडा असतो ना, तो लॅबमधे जाड थर लावून काढलेला असतो, त्वचेच्या दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम असा ठरलेला नियम आहे. आणि आपण काय करतो, वाटाण्याएवढं घेतो, दोन्ही गालांना टिपके, कपाळाला एक, नाकाला एक आणि झालं. एवढ्यात त्या थराचा पाव भाग पण होत नाही, मग ५० चे ५० मिळणार कुठून? भिंतीला एकच पातळ हात मारायचा आणि रंग उडाला म्हणून दुकानदाराशी भांडायचं, त्यातला प्रकार आहे हा.

सोपं माप सांगते. अंगठ्याशेजारचं बोट आणि मधलं बोट, दोन्हीवर मुळापासून टोकापर्यंत क्रीमची एकेक रेघ काढा. एवढं सगळं चेहरा आणि मानेला. कान आणि मानेची मागची बाजू त्यातच, केस वर बांधणाऱ्यांनी ती विसरायची नाही. अर्ध्या बाह्या घालत असाल तर प्रत्येक हाताला वेगळी दोन बोटं. एकदम सगळं चोपडलं की तोंड पांढरंफटक होतं, म्हणून आधी एका बोटाचं लावा, दोन-तीन मिनिटं मुरू द्या, मग दुसऱ्या बोटाचं.

आता हिशोब करा. चेहरा-मानेचं एक वेळचं साधारण १ ग्रॅम धरा. सकाळी एकदा आणि दुपारी निघताना परत एकदा, म्हणजे दिवसाला २ ग्रॅम. ५० ग्रॅमची ट्यूब २५ दिवसांत संपली पाहिजे. ती जर होळीपासून अक्षय तृतीयेपर्यंत चालली असेल तर ट्यूब चांगली आहे हो, तुम्ही लावतच नाही आहात.

हे वाचून काही जण म्हणणारच की हिला जास्त ट्यूबा विकायच्यात. विकायच्या तर आहेतच, दुकान कशाला टाकलंय! पण म्हणूनच मी येणाऱ्या प्रत्येकीला सांगते की आठशे-नऊशेची ट्यूब घेऊन ती अत्तरासारखी पुरवून वापरण्यापेक्षा दोन-अडीचशेची घ्या आणि भरपूर लावा. महागातली लावायला मऊ असते, वास छान असतो, मेकअपखाली बसते चांगली, हे सगळं खरं. पण कंजुषीने लावली तर स्वस्तातली भरपूर लावलेली तिच्यापेक्षा बरी. एसपीएफ ३० यूव्हीबी, म्हणजे उन्हातली त्वचा भाजणारी किरणं, साधारण ९७ टक्के अडवतं आणि ५० साधारण ९८ टक्के, त्यामुळे ७० का ९० असले मोठे आकडे बघून जास्त पैसे घालवायची गरज नाही. त्यापेक्षा ट्यूबवर पीए लिहिलेलं असतं, त्याच्या पुढे अधिकची चिन्हं किती आहेत ते बघा. एसपीएफ फक्त यूव्हीबीचं, यूव्हीए या उन्हातल्या दुसऱ्या किरणांचा हिशोब पीए मधे असतो आणि काळवंडण्यात, डाग गडद होण्यात यूव्हीएचा हात मोठा. चार अधिक म्हणजे सगळ्यात वरचं. आम्ही तीनच्या खालचा माल ठेवतच नाही.

कमी लावायचं खरं कारण बहुतेक वेळा चिकचिक हेच असतं, मान्य आहे, नागपूरच्या मे महिन्यात तोंडाला काही लावावंसं वाटतच नाही. तेलकट त्वचा असेल तर जेल किंवा एकदम पातळ फ्लुइड मागा, क्रीम नको. झिंक ऑक्साइडवाली त्वचेला सौम्य असतात पण गव्हाळ-सावळ्या रंगावर राखाडी दिसतात, त्यांच्यासाठी टिंटेड येतात, हलका त्वचेचा रंग मिसळलेली. ज्यांना वांग, म्हणजे चेहऱ्यावर काळपट डाग आहेत, त्यांना तर मी टिंटेडच देते, कारण त्या रंगात आयर्न ऑक्साइड असतं आणि ते डोळ्यांना दिसणारा उजेड पण थोडा अडवतं, साधं सनस्क्रीन ते करत नाही आणि वांग त्या उजेडानेही गडद होतात. टेस्टर ठेवलेत, जबड्याच्या कडेला लावा, बाहेर उन्हात एक चक्कर मारून या, ट्यूबलाइटखाली बघून ठरवू नका.

निघायच्या पंधराएक मिनिटं आधी लावा. ओल्यावरच स्कार्फ गुंडाळला तर निम्मं स्कार्फला लागतं. आणि स्कार्फ बांधतो म्हणून सनस्क्रीन नको हे पण नाही, पातळ विरळ कॉटन, त्यात घामाने ओलं झालेलं, त्यातून ऊन आत येतंच. घट्ट विणीचा, गडद रंगाचा बांधा. उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत लावायचं असतं, ऑफिसमधे आत बसणाऱ्यांनी निदान दुपारी बाहेर पडताना तरी. घाम आधी रुमालाने टिपून घ्या, पुसून काढू नका. तोंड धुवायला जागा नसते त्यांच्यासाठी स्टिक चांगली, हाताला लागत नाही, फक्त एकदा फिरवून भागत नाही, तीन-चारदा त्याच जागेवर फिरवायची. शाळेतल्या मॅडम लोकांमधे ती भारी चाललीय यंदा.

कारमधे काचा बंद आहेत म्हणून निश्चिंत राहू नका. काच यूव्हीबी बरंच थांबवते, यूव्हीए मात्र आत येतं, रोज गाडी चालवणाऱ्यांनी आपला उजवा हात डाव्याशेजारी ठेवून बघावा. चिखलदऱ्याला जाणाऱ्यांचं पण तेच, तिथे गार वाटतं म्हणून काही लावत नाहीत, पण हजार मीटरच्या वर गेलं की यूव्ही वाढतं, कमी होत नाही. गरमी आणि यूव्ही दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबाइलच्या हवामान अ‍ॅपमधे यूव्ही इंडेक्स दिसतो, ३ किंवा त्याच्या वर गेला की लावायचं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी तो ११ च्या पुढे असतो.

ट्यूब डिक्कीत ठेवू नका

हे वेगळं लिहितेय कारण परत येणाऱ्या ट्यूबांमधल्या बऱ्याच इथल्याच असतात. स्कूटीची डिक्की, कारचा डॅशबोर्ड, बाल्कनीच्या खिडकीतला कप्पा. बहुतेक ट्यूबांवर ३० अंशांच्या खाली ठेवा असं लिहिलेलं असतं आणि आपण ती ४५ अंशांत उन्हात उभ्या गाडीत ठेवतो. मग दाबल्यावर आधी पाणी येतं, नंतर दाणेदार गोळा, आणि गिऱ्हाईक म्हणतं माल खराब दिला. फुटलेलं सनस्क्रीन सारखं पसरत नाही, हलवून परत एकजीव झाल्यासारखं दिसलं तरी वापरू नका, टाकून द्या. बाहेर न्यायला १०-१५ ग्रॅमची छोटी ट्यूब घ्या, ती पर्समधे ठेवा, मोठी घरीच कपाटात. मागच्या बाजूला उघड्या डबीचं चित्र आणि ६एम किंवा १२एम असं असतं, म्हणजे उघडल्यापासून तितके महिने. उघडल्याची तारीख पेनने ट्यूबवर लिहून टाका.

बाकीचं थोडक्यात. घामोळ्यांना कॅलामाइन लोशन पुरेसं आहे, त्यावर जाड क्रीम थापू नका. मुलतानी माती उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, तीही तेलकट त्वचेलाच, गुलाबजलात कालवून आणि पूर्ण कडक सुकायच्या आधी धुऊन. कोरफड घरची असेल तर पात कापून उभी ठेवा, पिवळा चीक गळू द्या, तो खाजतो. लिंबू चोळून उन्हात जायचं नाही म्हणजे नाही, त्याच्या रसाने आणि उन्हाने मिळून फोड येतात, काळे डाग महिनाभर जात नाहीत. व्हिटॅमिन सी सीरम तपकिरी झालं की संपलं समजा. रेटिनॉल, ग्लायकोलिक वगैरे असलेल्या क्रीम रात्रीच, आणि लग्नाच्या तोंडावर पहिल्यांदा तर मुळीच नको. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन नाही, त्याला सावली आणि टोपडं.

आणि ती आठ दिवसांत गोरं करणारी क्रीम. आमच्याकडे नाही मिळत, विचारू नका. त्यातल्या बऱ्याच प्रकारांत स्टेरॉइड असतं, ते औषध आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचंच नाही. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, ऊन सहन होत नाही, लाल पडते, आणि मग ती बाई माझ्याकडे "एखादं चांगलं सनस्क्रीन द्या" म्हणून येते. अशा वेळी मी त्वचेच्या डॉक्टरांकडेच पाठवते, त्यात माझी विक्री जाते, जाऊ दे.

बदलून देण्याचा नियम: सील उघडलेली ट्यूब परत घेत नाही. राग येतो काहींना, पण तुमच्या चेहऱ्याला लागलेली ट्यूब मी दुसरीला दिली तर तुम्हाला चालेल का? म्हणून तर टेस्टर आणि छोटे पाउच ठेवलेत, आधी ते न्या, कानामागे दोन-तीन दिवस लावून बघा, खाज-पुरळ काही नाही आलं तर मोठी घ्या, पाउचचे पैसे मोठ्या ट्यूबमधे वजा करून देतो. सील उघडल्यावर पहिल्याच दिवशी फुटलेली निघाली तर बिलासकट आणा, लगेच बदलून मिळेल. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, दुकान दुपारी १ ते ५ बंद राहील, संध्याकाळी ९ पर्यंत चालू आहे. येताना घरातल्या जुन्या अर्ध्या ट्यूबा घेऊन या, तारीख बघून कोणती वापरायची आणि कोणती टाकायची ते सांगते, त्याचे काही पैसे नाहीत.