पार्श्वभूमी : भाव चढला की वस्ती वसायची, पडला की उठायची

नागपूरहून रामटेकला निघालं की मनसरच्या आसपास काळपट ढिगारे दिसू लागतात. तोवर बहुतेकांचे डोळे गडमंदिराकडे लागलेले असतात, त्यामुळे ढिगाऱ्यांकडे कुणी पाहत नाही. हे ढिगारे मँगनीजच्या खदानींचे. मनसर, कांद्री, खाप्याजवळचं गुमगाव आणि पलीकडे भंडारा जिल्ह्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग असा हा पट्टा आहे. मनसर हे गाव म्हणून काही नवं नाही. तिथल्या टेकडीवर वाकाटकांच्या काळातले अवशेष सापडलेत. नवी होती ती खदानीची वस्ती.

१८९६ साली या भागात खनिज धुंडाळायला एक ब्रिटिश सिंडिकेट आलं. पुढे त्याचीच सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली, म्हणजे मँगनीज काढणाऱ्या आजच्या सरकारी कंपनीची, मॉइलची पणजी. १९०० च्या आगेमागे उत्खनन सुरू झालं. पोलादाला मँगनीज लागतंच आणि तेव्हा त्याचा मोठा पुरवठादार होता रशिया. १९०५ च्या क्रांतीत तिथलं काम विस्कटलं, भाव चढले आणि १९०७ मध्ये हिंदुस्थानातून निघणारा माल ९ लाख टनांवर गेला. त्यात मध्य प्रांताचा वाटा सर्वांत मोठा. तेव्हा रशियाच्या ताब्यात असलेल्या जॉर्जियातल्या संपामुळे मनसरच्या माळावर झोपड्या उभ्या राहिल्या, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

माणसं आली ती आजूबाजूच्या खेड्यांतून आणि छत्तीसगडातून. गोंड तर इथलेच. फर्मर या भूवैज्ञानिकानं १९०९ मध्ये इथल्या मँगनीजयुक्त खडकाला ‘गोंडाइट’ नाव दिलं. मान खडकाला मिळाला, मजुरी मात्र मापावरच राहिली.

हे मापावरचं काम समजून घेतल्याशिवाय वस्ती समजत नाही. पुरुष सुरुंगानं फुटलेला दगड पहारीनं सुटा करत. बायका उकिडव्या बसून हातोडीनं तो फोडत, पांढरी गारगोटी बाजूला टाकत आणि काळा माल टोपलीत भरत. मँगनीजचा दगड साध्या दगडाच्या दीडपट तरी जड. माझ्या टेबलावर मनसरचा मुठीएवढा एक तुकडा आहे. उचलणारा प्रत्येक जण आधी चकतो आणि मग काळी झालेली बोटं पँटीला पुसतो. अशा दगडांनी भरलेली टोपली डोक्यावर घेऊन खड्ड्यातून वर चढायचं, मालाचा चट्टा रचायचा आणि चट्टा मोजला की पैसे. दगड कमी निघाला तर तो मजुराचा तोटा. म्हणून अख्खं कुटुंब कामाला लागायचं, पोरंसुद्धा. १३ वर्षांखालच्या मुलांना खाणीत मनाई झाली ती १९२३ च्या कायद्यानं. वर्षानुवर्षं ही धूळ छातीत गेली तर मज्जासंस्थेवर परिणाम होतो, चाल अडखळते, बोलणं जड होतं.

भाव पडले की या वस्त्या उठायच्या. १९२७ मध्ये देशाचं उत्पादन ११ लाख टनांच्या वर होतं, १९३२ मध्ये ते दोन लाखांच्या घरात आलं. गंमत म्हणजे याच मालासाठी आखलेली रायपूर–विजयनगरम रेल्वे १९३१ मध्ये पुरी झाली आणि विशाखापट्टणमचं बंदर १९३३ मध्ये उघडलं, ऐन मंदीत. वाट तयार झाली तेव्हा तिच्यावरून न्यायचा माल जमिनीतच पडून होता.

पक्की वसाहत, दवाखाना, शाळा हे चित्र त्यामानानं अलीकडचं. १९६२ मध्ये सरकारनं ५१ टक्के हिस्सा घेऊन मॉइल स्थापन केली. त्यात केंद्राबरोबर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशही होते. उरलेले ४९ टक्के जुन्या ब्रिटिश कंपनीकडे राहिले ते थेट १९७७ पर्यंत. मुख्यालय नागपुरातच, काटोल रोडवर.

बायकांचा हिशेब मात्र वेगळाच लागला. १९२९ च्या नियमांनी त्यांना भुयारात उतरायला बंदी घालायला सुरुवात झाली, १९५२ च्या खाण कायद्यानं ती पक्की केली. २०१९ मध्ये दार पुन्हा किलकिलं झालं. तेव्हाच्या अटी अशा होत्या : लेखी संमती हवी, पाळीत किमान तिघी हव्यात, वेळ दिवसाची, आणि काम तांत्रिक, देखरेखीचं किंवा व्यवस्थापनाचं. हातोडी चालवणारीचं नाव त्या यादीत नव्हतं.