करुणेनं ऐकणं समुपदेशनात आलं कुठून

आपल्याकडं कोणाची पऱ्हाटी बुडाली, कर्ज अंगावर आलं की भेटायला येणारे लगेच सुरू होतात, "टेन्शन नको घेऊ गा, होते सगळं बरोबर". मन साफ असते त्यांचं, पण त्या माणसाचं बोलणं तिथंच तुटते. सल्ला न देता ऐकून घेणं हा उपचारच आहे, आणि त्यामागं मोठा इतिहास आहे.

मनोविश्लेषण, म्हणजे पेशंटला बोलतं करून मनाचा उपचार, सुरू करणाऱ्या फ्रॉइडनं १९१२ लाच सांगितलं होतं की पेशंटच्या बोलण्यातलं आपल्याला पाहिजे तेवढंच निवडू नका, सगळं सारख्या लक्षानं ऐका. मग अमेरिकेत कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञानं माणसाला न तोलता समजून घेण्यावर अख्खी पद्धत उभी केली. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा झाली, आणि पुढच्याच वर्षी तिकडं मेक्सिकोत मनोविश्लेषक एरिक फ्रॉम आणि झेन या बौद्ध पंथाचे जपानी अभ्यासक डी. टी. सुझुकी मनोविश्लेषण अन् बौद्ध विचारावर एकत्र बोलायला बसले.

पण करुणेनं ऐकणं हे सगळ्यात स्पष्ट मांडलं व्हिएतनामच्या थिक न्यात हान्ह या भिक्खूंनी. युद्ध जवळून पाहिलेला माणूस. ते म्हणायचे की समोरच्याचं मन हलकं व्हावं एवढ्याचसाठी ऐका, तो चुकीचं बोलला तरी मधात तोडू नका, दुरुस्ती नंतर कधी. १९८२ मध्ये त्यांनी फ्रान्समध्ये प्लम व्हिलेज हे ध्यानकेंद्र सुरू केलं, तिथं थेरपिस्टही शिकायला जात.

मुळात हे आपल्या विहारात सांगतात त्या किसा गोतमीच्या गोष्टीतच आहे. मेलेलं लेकरू कडेवर घेऊन औषध मागत आली, तर बुद्धांनी तिला अनित्यतेवर प्रवचन दिलं नाही, जिथं कोणी मेलं नाही अशा घरून मोहरी आण म्हणाले. ती दारोदार फिरली, प्रत्येक घरानं आपला मेलेला माणूस सांगितला, आणि दुसऱ्यांचं ऐकता ऐकताच तिला लेकरू खाली ठेवता आलं. मला तरी ही समुपदेशनाची सगळ्यात जुनी केस वाटते.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पानं डिप्रेशनसाठी गावपातळीवरचेच साधे कार्यकर्ते ट्रेन केले होते. तो प्रकल्प काही बौद्ध नव्हता, पण डॉक्टर नसलेला माणूसही नीट ऐकायला शिकू शकते हे त्यातून दिसलं. म्हणून वाटते, वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होतेच, ते संपल्यावर अर्धा तास फक्त ऐकायला ठेवावा, आशाताईंनाही बोलवावं, आणि त्या वेळात कोणीच कोणाला सल्ला द्यायचा नाही.